रश्शाशेजारची वाइन: हॉटेल व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठी

हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेऊन जी मुले-मुली आमच्या सांगलीच्या हॉटेलात उमेदवारीला येतात, त्यांना वाइनविषयी बहुधा एकच सूत्र पाठ असते: मटणाला रेड, कोंबडीला आणि माशाला व्हाइट. हे सूत्र खोटे नाही, परंतु ते ज्या मुलखातून आले तिथले मटण वेगळ्या रीतीने शिजते. फ्रान्समधील बोर्दो भागात पॉइयाकचे कोकरू भाजून त्याच गावच्या, मुख्यतः काबर्ने सोव्हिन्योँ द्राक्षाच्या वाइनसोबत खातात, तेव्हा त्या मांसावर मीठ, थोडा लसूण आणि त्याची स्वतःची चरबी यांखेरीज फारसे काही नसते. आपल्या पातेल्यात मात्र कांदा-लसूण मसाला, भाजलेले सुके खोबरे, तीळ आणि खसखस असते आणि वर बोटभर तर्री तरंगत असते. म्हणून ताटात कोणता प्राणी आहे यापेक्षा तो कशात शिजला आहे हे आधी पाहावे, असे माझे या कामातील अनुभवावरून पक्के मत झाले आहे.

हे मत कोणी सांगितले म्हणून मानू नये; जिभेने पडताळावे. आमच्याकडे नव्या मुलांना मी शिराझ या रेड वाइनचा एक पेला देतो आणि समोर चार वाट्या मांडतो: मीठ, लिंबाची फोड, साखर आणि लाल तिखट. चिमूटभर मीठ चाखून वाइनचा घोट घेतला की तिचा तुरटपणा मवाळ होतो आणि फळाची चव पुढे येते. लिंबानंतर तिचा आंबटपणा कमी भासतो. साखरेनंतर मात्र तीच वाइन पातळ, आंबट आणि कडवट लागते, तर तिखटानंतर अल्कोहोलची जळजळ घशापर्यंत जाणवते. पाचव्या वाटीत मीठ घालण्यापूर्वी काढलेले मटणाचे पाणी असते. त्यानंतरचा घोट बहुतेकांना चक्क कडू लागतो, आणि त्याच वाटीत मीठ ढवळून पुन्हा चाखले की तो कडूपणा बराच ओसरतो. घोट गिळायचा नाही, बाजूच्या भांड्यात टाकायचा, कारण पाचव्या वाटीपर्यंत जीभ शाबूत राहणे महत्त्वाचे असते.

तुरटपणा येतो कुठून, हे तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारांमुळे मुलांना समजावणे मला सोपे झाले. जेवता जेवता त्यांनी विचारले होते, “आमच्या थॉमसनची का नाही हो अशी वाइन होत?” थॉमसन सीडलेस हे खाण्याचे आणि बेदाण्याचे द्राक्ष आहे, त्याची साल पातळ असते आणि त्याला बी नसते. रेड वाइनचा रंग सालीतून येतो आणि तिचा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, साल आणि बी यांतून उतरतो, म्हणून त्या वाइनसाठी लहान मण्यांची, जाड सालीची, बिया असलेली द्राक्षे लावतात. हे टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरून बसते आणि तोंड कोरडे पडते. तोंडात चरबीदार मांस असेल तर त्याला धरायला दुसरे काही मिळते आणि वाइन मऊ भासते. मांस आणि रेड वाइन यांचे जुने सख्य ते एवढेच. जिल्ह्यात पलूसला शासनाने वाइन पार्क, म्हणजे वाइन कारखान्यांची वसाहत, उभारला, तरी आपला बागायतदार मुख्यतः बेदाण्यातच रमला.

आता प्रत्यक्ष ताटाकडे वळू. सुक्या मटणात मसाला परतून कोरडा झालेला असतो, कांद्याला गोडसर करपट चव आलेली असते आणि तिखट आवाक्यात असते, त्यामुळे मिरीसारखा वास असलेली शिराझ येथे शोभते. तंदूरच्या चांपा हा आपल्या मेनूतील बोर्दोच्या सर्वांत जवळचा पदार्थ असून तिथे काबर्ने निर्धास्तपणे सुचवावी. खिम्याला अकलूज परिसरात पिकणाऱ्या सांजिओवेझे या द्राक्षाची रेड वाइन चांगली जाते, कारण तिचा आंबटपणा तेलाला कापतो. कलेजीची चव मुळातच कडवटाकडे झुकते, म्हणून फार तुरट वाइन टाळावी. गावरान कोंबडीचे मांस घट्ट आणि चवीला भरीव असल्याने ती हलकी रेडही पेलते. ब्रॉयलरची तंदुरी असेल तर रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, पुरे.

रश्शाचे प्रकरण अवघड आहे. पांढऱ्या रश्शात नारळाचे दूध, खसखस आणि काजू असतात, त्यामुळे शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन थंड दिली की त्याचा जडपणा उतरवते. तांबड्याला मात्र तुरट, जादा अल्कोहोलची रेड दिली तर गिऱ्हाइकाला ना रश्शाची चव कळते ना वाइनची. द्यायचीच असेल तर किंचित गोड, कमी अल्कोहोलची, चांगली गार व्हाइट द्यावी. खरे सांगायचे तर मी तिथे वाइन सुचवीतच नाही. आपल्या थाळीत सगळे एकदम येते, म्हणून सुके आणि चांपा आधी मागवून वाइन त्यांच्याबरोबर संपवावी आणि मग भाकरी-रश्शाला हात घालावा, असे मी सांगतो आणि ते लोकांना पटते.

तापमानाकडे दुर्लक्ष झाले तर वरचे सगळे फुकट जाते. रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी असे पुस्तकात असते, पण ती खोली युरोपातली, साधारण १६ ते १८ अंशांची. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा कपाटातून काढलेली बाटली कोमट असते, अल्कोहोल नाकात चढते आणि मसाल्याचे तिखट दुप्पट झाल्यासारखे वाटते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच ती टेबलावर न्यावी. एका परमिट रूममध्ये मी व्हिस्कीच्या रांगेत, भटारखान्याच्या भिंतीला टेकून वर्षभर उभ्या ठेवलेल्या वाइनच्या बाटल्या पाहिल्या आहेत. तिथे जोडीची चर्चा करण्यात अर्थ नव्हता.

रीतसर शिक्षणासाठी लंडनच्या वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्टचे अभ्यासक्रम उपयुक्त आहेत. ही संस्था १९६९ पासून काम करते, आणि तिची पहिली पातळी एका दिवसाच्या वर्गात होते. वाट्यांचा वरचा प्रयोगही त्याच धर्तीचा आहे. तिथली उदाहरणे स्टेक आणि रोस्टची असतील, म्हणून शेजारी आपली वही ठेवावी आणि त्यात पदार्थ, आचाऱ्याचा हात किती तिखट आहे आणि कोणती वाइन चालली, हे नोंदवीत जावे. आचारी बदलला की नोंदी पुन्हा तपासाव्यात.

टेबलापाशी ही विद्या दाखवू नये. “साहेब, मटण सुकं घेणार की रस्सा, आणि तिखट कसं चालेल?” एवढे विचारले तरी निम्मी निवड होते. उरलेली निम्मी किमतीवर ठरते, आणि तिथे बाटलीऐवजी एक ग्लास सुचवणारा कॅप्टन गिऱ्हाईक लक्षात ठेवते.