विशेष मुलाचे फिटचे औषध बदलताना

मुलाचे फिटचे औषध बदलायचे ठरले की पुढचे काही आठवडे घरात दुसरे काहीही नवे सुरू करू नये. जे मूल बोलून सांगू शकत नाही, त्याला गुंगी येते आहे, मळमळते आहे की झोपच पुरी झालेली नाही, हे आपल्याला त्याच्या वागण्यावरूनच ओळखावे लागते. त्यात नवी शाळा, नवी थेरपी किंवा गावचा प्रवास आला की ते ओळखणे कठीण होऊन बसते. आम्ही पहिल्या खेपेला ऐन गणपतीत बदल सुरू केला होता, आणि ढोलताशे, जागरणे व पाहुण्यांच्या वर्दळीत मुलीची चिडचिड औषधाची की आवाजाची, हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. बदल तातडीचा असेल तर अर्थात थांबू नये, पण सवड असेल तर डॉक्टरांना घरातले कार्यक्रम सांगून तारीख ठरवावी.

मुंबईतल्या केईएम किंवा वाडिया रुग्णालयासारख्या गर्दीच्या ओपीडीत बोलायला वेळ थोडा मिळतो, म्हणून प्रश्न घरूनच लिहून न्यावेत आणि केसपेपरवर आठवडावार तक्ता मागून घ्यावा: जुने औषध कधी व किती कमी करायचे, नवे किती वाढवायचे, सकाळी किती, रात्री किती. डोस मिलिग्रॅम आणि एमएल अशा दोन्ही मापांत लिहून घेणे फार महत्त्वाचे आहे. व्हॅल्प्रोएटच्या नेहमीच्या सिरपच्या 5 एमएलमध्ये 200 मिलिग्रॅम औषध असते, तर लेव्हेटिरासेटॅमच्या नेहमीच्या सिरपच्या तेवढ्याच मापात 500 मिलिग्रॅम; त्यामुळे ‘आधीइतकेच पाच एमएल’ हा हिशेब घातक ठरू शकतो. माप चमच्याने नव्हे, सिरिंजने घ्यावे.

जुने औषध अचानक बंद केल्यास न थांबणारी फिट येऊ शकते, म्हणून बहुधा नवे हळूहळू वाढवत नेऊन मगच जुने उतरवतात. मधल्या काळात मुलाच्या अंगात दोन्ही औषधे असतात आणि गुंगी, तोल जाणे, लाळ गळणे हे त्याच दिवसांत अधिक दिसू शकते, हे आजी-आजोबांनाही आधीच समजावून सांगावे. नाहीतर ‘पोर पार मलूल झालंय’ म्हणून कोणीतरी परस्पर डोस गाळतो.

बदलापूर्वीचा एक आठवडा वहीत नोंदवून ठेवावा, कारण तुलना करायला आधीचे काहीतरी हातात लागते. फिटची वेळ, ती किती टिकली, कोणता हात किंवा डोळा आधी वळला, झोप, ताप आणि दिलेला डोस इतके पुरे. शंकास्पद हालचालींचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. आपल्या वर्णनापेक्षा डॉक्टरांना तो अधिक सांगतो.

लेव्हेटिरासेटॅमवर काही मुले चिडतात, रडतात, मारू लागतात. तो हट्ट आहे असे समजून रागावण्याऐवजी डॉक्टरांना कळवावे. लॅमोट्रिजिन सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि सोबत ताप किंवा तोंडात फोड असतील तर थेट रुग्णालय गाठावे. व्हॅल्प्रोएट चालू असताना लॅमोट्रिजिनची रक्तातील पातळी वाढते, म्हणून डॉक्टर ते फार सावकाश चढवतात. ही संथ गती आपण मोडू नये. टोपिरामेटमुळे घाम कमी येऊ शकतो, त्यामुळे मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांत पाणी आणि सावली यांकडे विशेष लक्ष द्यावे. व्हॅल्प्रोएटवर वारंवार उलट्या होऊन मूल सुस्तावले, तर ती साधी अपचनाची बाब मानू नये.

फिट आल्यावर मुलाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे आणि तोंडात काहीही घालू नये. कांदा, चप्पल, चावी यांचा उपयोग शून्य. फिट पाच मिनिटे लांबली, किंवा शुद्ध न येताच दुसरी आली, तर 108 वर फोन करावा. नाकात मारायचा मिडाझोलॅम स्प्रे डॉक्टरांनी दिला असेल, तर तो कधी व किती मारायचा हे वजनानुसार लिहून घेऊन त्याची एक प्रत शाळेतील बाईंकडे आणि एक शाळेच्या गाडीतील मदतनीस मावशींकडे द्यावी.

जुलैत पाणी तुंबून लोकल थांबतात, म्हणून पावसाळ्यात निदान पंधरा दिवसांचे औषध घरात असावे. केमिस्टने दुसऱ्या कंपनीचे औषध पुढे केले, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि क्रोनो गोळी, म्हणजे औषध पोटात हळूहळू सोडणारी गोळी, कधीही कुटून देऊ नये.

फिट वाढल्या तरी आपणहून जुन्या डोसवर परतू नये. वही समोर ठेवून डॉक्टरांना फोन करावा. जुन्या औषधाचा शेवटचा डोस झाला की उरलेल्या बाटलीवर ‘बंद’ आणि तारीख लिहून ती फ्रीजवरच्या रोजच्या जागेवरून उचलावी, कारण रात्री अर्धवट झोपेत हात सवयीने तिकडेच जातो.