इंग्रजीत 'प्लीज' लावूनही समोरचा दुखावतो? या चुका टाळा

आमच्या टीममधून परदेशी क्लायंटला जाणारे मेल बऱ्याचदा आधी माझ्याकडे येतात, म्हणजे पोरं लिहितात आणि पाठवायच्या आधी मी एक नजर टाकते, आणि खरं सांगायचं तर ग्रामरच्या चुका हल्ली फारशा नसतातच, स्पेलिंग तर मशीनच सुधारून देतं. गडबड होते ती टोनची. वाक्य एकदम बरोबर असतं आणि तरी वाचणारा म्हणतो हा माणूस मला ऑर्डर का सोडतोय, किंवा उलटं, क्लायंटनं अगदी गोड शब्दांत 'हे काम चुकलंय' असं लिहिलेलं असतं आणि आपली पोरं खूश, 'बघा, त्यांना आवडलं!'

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे प्लीजवर टाकलेला भरवसा. मराठीत आदर क्रियापदातच बसलेला असतो ना. पाठव, पाठवा, पाठवाल का, पाठवता का जरा, आणि वर तू-तुम्ही-आपण आहेच. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', बॉसलाही आणि घरच्या कुत्र्यालाही, म्हणून त्यांना अदब दुसरीकडे ठेवावी लागते, म्हणजे प्रश्नात, भूतकाळात, 'कुड', 'वुड', 'माइट'मध्ये. आपण मनात 'फाइल पाठवा' म्हणतो आणि लिहितो 'प्लीज सेंड द फाइल', तर 'पाठवा'मधला आदर वाटेतच गळतो आणि उरतो तो हुकूम, ज्याच्या पुढे प्लीज चिकटवलंय. रुटीन कामाला हे चालतं, रोजच्या कलीगला कोणी काही म्हणत नाही. पण जिथे तुम्ही समोरच्याकडून काहीतरी मागताय, त्याचा वेळ, त्याची मेहनत, तिथे 'कुड यू सेंड मी द फाइल व्हेन यू गेट अ चान्स' असं प्रश्न करूनच विचारायचं.

आणि 'काइंडली'. हे तर कृपा करून सोडाच. आपल्याला ते प्लीजपेक्षा नम्र वाटतं कारण आपल्या सरकारी पत्रांतून ते साहेबाच्या काळापासून चालत आलंय, पण आजच्या ब्रिटिश माणसाला ते नोटीस बोर्डावरचं वाटतं, 'काइंडली रिफ्रेन फ्रॉम स्मोकिंग' टाइप, म्हणजे चिडलेल्या माणसानं दात आवळून काढलेला शब्द.

भूतकाळाचं म्हटलं तर गंमत आहे. 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड...', 'आय वॉन्टेड टू आस्क...' हे पोरांना विचित्र वाटतं, आत्ता विचारतोय तर 'वॉज' कशाला? अरे पण आपण शेजारच्या काकूंकडे जाऊन काय म्हणतो? 'काकू, एक काम होतं तुमच्याकडे.' होतं! काम तर आत्ताच आहे. 'जरा बोलायचं होतं' पण तसंच. भूतकाळ वापरला की मागणी जरा लांब उभी राहते आणि समोरच्याला नाही म्हणायला जागा मिळते, हे आपल्याला आजीपासून माहितीय, इंग्रजीत शिरलो की फक्त आठवत नाही.

किती लांबण लावायची हा पुढचा प्रश्न. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोन भाषा-अभ्यासकांनी १९७८ मध्ये नम्रतेवर एक थिअरी मांडली, इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपली शेजारीण तमिळ अशा तीन भाषा घेऊन. त्यांचं म्हणणं साधारण असं की तीन गोष्टी बघायच्या: समोरच्याशी ओळख किती, त्याचा हुद्दा काय, आणि मागणी केवढी. मला हे कामाचं वाटतं कारण यातून उलटी चूकही पकडता येते. रोजच्या टीममेटला 'आय वॉज वंडरिंग इफ यू माइट पॉसिबली बी एबल टू' असं लिहून लिंक मागितली तर त्याला वाटतं हा माझ्यावर रागावलाय की टोमणा मारतोय. लिंकच मागायचीय, 'कॅन यू सेंड मी द लिंक' बास.

आता 'असेल'चा घोळ, आणि हा मला प्लीजपेक्षा मोठा वाटतो कारण यात पैसे जातात. मराठीत 'सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल' म्हणजे काय? नुसता अंदाज पण असू शकतो, बऱ्यापैकी खात्री पण असू शकते, ते आपण आवाजावरून आणि 'बहुतेक', 'नक्की', 'कदाचित' यांवरून ओळखतो. इंग्रजीत मात्र प्रत्येक पायरीला वेगळा शब्द आहे आणि आपली पोरं सगळीकडे 'मस्ट' ठोकतात. 'इट मस्ट बी अ सर्व्हर इश्यू.' समोरचा समजतो की यांनी लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, तपासले, बाकीच्या शक्यता बाद केल्या आणि या निष्कर्षाला आले. इकडे कोणी लॉग उघडलेला पण नसतो. नुसता अंदाज असेल तर 'इट माइट बी' किंवा 'इट कुड बी', बऱ्यापैकी वाटत असेल तर 'इट्स प्रॉबेबली', आणि पुरावा हातात असेल तरच 'मस्ट'. शाळेत 'मे'ला इतके टक्के आणि 'माइट'ला तितके टक्के असं कोणीतरी शिकवलेलं असतं ते विसरून जा, बोलताना लोक बहुतेक वेळा 'माइट'च म्हणतात, 'मे' थोडं कागदी वाटतं.

नकारात अजून मजा. 'द बिल्ड कुड नॉट बी रेडी बाय फ्रायडे' असं लिहिलेलं मी पाहिलंय (बिल्ड म्हणजे सॉफ्टवेअरची तयार आवृत्ती), सांगायचं होतं की कदाचित होणार नाही, वाचणाऱ्याला कळलं की झालंच नाही किंवा होणं शक्यच नाही. तिथे 'माइट नॉट' पाहिजे. 'मे नॉट' पण जपून वापरा, 'युजर्स मे नॉट सी धिस रिपोर्ट' म्हणजे त्यांना बघायची परवानगी नाही की त्यांना दिसेलच असं नाही? दोन्ही अर्थ निघतात आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये असलं वाक्य गेलं की वकिलांचं भलं होतं.

हेच 'वुड'चं. 'आय वुड बी ऑन लीव्ह टुमॉरो', 'द मीटिंग वुड स्टार्ट ॲट फाइव्ह'. आपल्याकडे 'विल'पेक्षा 'वुड' जरा सोज्वळ म्हणून लिहितात, पण तिकडचा माणूस पुढच्या 'इफ'ची वाट बघत बसतो. सुट्टीवर असतास, पण? जे ठरलंय त्याला 'विल'. आणि 'यू हॅड बेटर चेक' हे 'तपासलंत तर बरं होईल' नाहीये, 'तपास, नाहीतर बघ' आहे, क्लायंटला चुकूनही नको.

'आय हॅव अ डाउट' हे पण इथेच सांगून टाकते. आपल्याकडे क्लासमध्ये हात वर करून डाउट विचारतात, तिकडे डाउट म्हणजे तुमच्या म्हणण्यावर माझा विश्वास नाही. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा, विषय संपला.

आता दुसरी बाजू, त्यांचं मऊ बोलणं आपल्याला न कळणं. यात ब्रिटिश लोक फार पोचलेले. कोरियन युद्धातला एक किस्सा नेहमी सांगतात, एप्रिल १९५१, इमजिन नदीवर ब्रिटिशांची ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची बटालियन चिनी सैन्यानं जवळजवळ वेढलेली, आणि ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी अमेरिकन वरिष्ठाला परिस्थिती सांगताना म्हणाला की इथे 'अ बिट स्टिकी' झालंय. ब्रिटिश कानाला याचा अर्थ आम्ही मरतोय. अमेरिकनाला वाटलं थोडी अडचण आहे पण चाललंय. बटालियनमधले बहुतेक लोक शेवटी कैद झाले. दोघांची भाषा इंग्रजीच होती हां, आपण तर लांबचे पाहुणे.

तर मेलमध्ये हे दिसलं की सावध व्हा. 'नॉट आयडियल' म्हणजे वाईट. 'यू माइट वॉन्ट टू लुक ॲट धिस अगेन' म्हणजे परत करा, इच्छेचा प्रश्नच नाही. 'आय हॅव अ फ्यू मायनर कमेंट्स' वाचून चहाला जाऊ नका, आधी अटॅचमेंट उघडा. 'विथ रिस्पेक्ट'च्या पुढे रिस्पेक्ट नसतो. 'क्वाइट गुड' अमेरिकन म्हणाला तर साधारण छानच आहे, ब्रिटिश म्हणाला तर बरेचदा 'ठीक आहे, यथातथाच', आणि हा फरक माहीत नसल्यामुळे अप्रेझलमध्ये पेढे वाटलेले लोक आहेत. 'आय माइट जॉइन यू लेटर' हा पार्टीला येणार नाहीये. 'यू मस्ट कम ओव्हर फॉर डिनर समटाइम' हे ऐकून लंडनला नवीन गेलेला मुलगा डायरी काढून तारीख विचारतो, अरे बाबा, 'या ना एकदा घरी' असं आपण बसस्टॉपवर कितीजणांना म्हणतो, त्यातले किती खरंच आले तर घरात दूध असतं? तारीख सांगितली तर आमंत्रण, नाहीतर नुसता निरोप.

आपला 'बघतो' आणि 'ट्राय करतो' याच जातीतले, पण तिकडे उलटे पोचतात. मराठी माणूस 'बघतो, प्रयत्न करतो' म्हणाला की आपण समजून जातो की होणार नाही. 'वी विल ट्राय अवर बेस्ट टू डिलिव्हर बाय मंडे' असं लिहिलं की क्लायंट मात्र मंडे कॅलेंडरमध्ये टाकतो, आणि मंडेला दोघंही एकमेकांना खोटारडे समजतात. होणार नसेल तर 'आय डोन्ट थिंक वी कॅन फिनिश बाय मंडे, वेन्सडे इज रिअलिस्टिक' असं सरळ. इथे 'आय थिंक वी कान्ट' पेक्षा 'आय डोन्ट थिंक वी कॅन' मऊ लागतं, मराठीत नाही का 'मला नाही वाटत जमेल' म्हणतो, अगदी तेच.

मग हे सगळं वाचून लोक दुसऱ्या टोकाला जातात, स्टेटस रिपोर्टमध्ये 'इट सीम्स देअर माइट पॉसिबली बी सम इश्यू'. एका वाक्यात एकच कुशन पुरे. आणि जिथे आकडा देता येतो तिथे शब्दांवर सोडूच नका, कारण हे शब्द इंग्रजीवाल्यांनाही सारखे कळत नाहीत. १९५१ मध्येच सीआयएनं एक अंदाज लिहिला होता, युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'सिरीयस पॉसिबिलिटी' आहे म्हणून. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या एकानं सीआयएच्या त्या टीममधल्या शर्मन केंटला विचारलं, म्हणजे नक्की किती? केंट म्हणाला, माझ्या मते ६५ विरुद्ध ३५, होण्याच्या बाजूनं. तो माणूस हबकला, त्यानं बरंच कमी धरलं होतं. मग केंटनं स्वतःच्या टीमला विचारलं, ज्यांनी तो शब्द एकमतानं मंजूर केला होता, तर एकाच्या मनात २० टक्के आणि दुसऱ्याच्या मनात ८०! पुढे १९६४ मध्ये त्यानं शब्दांना आकडे लावून दिले, 'प्रॉबेबल' म्हणजे ७५ च्या आसपास, 'ऑलमोस्ट सर्टन' म्हणजे ९३ च्या आसपास वगैरे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या रिपोर्टमध्येही आज 'लाइकली' म्हणजे किमान ६६ टक्के आणि 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान ९० टक्के असं ठरलेलं असतं. तुमच्या रिपोर्टमध्ये एवढं नको, पण 'फ्रायडेला होईल, ७० टक्के खात्री, अडकलंय ते टेस्टिंगमध्ये' हे इंग्रजीत लिहायला कसलंच व्याकरण अडत नाही.

आणि काही ठिकाणी मऊपणा अजिबात नको. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाहून न्यूयॉर्कला येणारं आव्हियांका एअरलाइनचं ५२ नंबरचं विमान खराब हवेमुळे घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून लाँग आयलंडवर पडलं, ७३ माणसं गेली. वैमानिकांनी 'प्रायॉरिटी' मागितली होती, इंधन संपत आलंय हेही सांगितलं होतं, पण 'इमर्जन्सी' हा शब्द एअर ट्रॅफिक कंट्रोलरकडे एकदाही गेला नाही, आणि असं स्पष्ट सांगितल्याशिवाय कंट्रोलर बाकी विमानं सहसा बाजूला सारत नाहीत. इंग्रजी त्या वैमानिकांचीही मातृभाषा नव्हती. आपल्या कामात माणसं मरत नाहीत हे खरं, पण प्रॉडक्शन, म्हणजे लोक वापरत असलेली चालू सिस्टीम, डाउन असताना 'जस्ट वॉन्टेड टू चेक, देअर सीम्स टू बी अ स्मॉल इश्यू' असा मेल रात्री दोनला गेला तर तो सकाळी नऊलाच उघडणार. तिथे सब्जेक्टमध्येच 'अर्जंट: पेमेंट्स आर डाउन', पहिल्या ओळीत काय बंद आहे, दुसऱ्या ओळीत कोणाकडून काय हवंय. डॉक्टर, पोलीस, बँकेचा फ्रॉड, तिथेही असंच. तिथे कोणी तुम्हाला उद्धट म्हणत नाही.

एक छोटी गोष्ट राहिली, 'वुड यू माइंड'. 'वुड यू माइंड मूव्हिंग द कॉल टू फोर?' असं विचारलं की आपण उत्साहानं 'येस, येस, शुअर' म्हणतो. प्रश्न आहे तुमची काही हरकत आहे का, आणि आपण म्हणतो हो आहे. 'शुअर' ऐकून बहुतेक जण समजून घेतात, मेलमध्ये मात्र नुसतं 'येस' असेल तर समोरचा परत मेल करून विचारतो. 'नॉट ॲट ऑल, फोर वर्क्स' लिहा. खरंच जमणार नसेल तर 'येस' पण नको आणि 'नो' पण नको, 'आय ॲम अफ्रेड आय हॅव अनदर कॉल ॲट फोर, कुड वी डू फाइव्ह?'