कॉक्लिअर इम्प्लांटनंतर तोल जातोय? मी काय काय केलं ते सांगते

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी बेडवरून उतरून बाथरूमकडे निघाले आणि दाराऐवजी भिंतीलाच जाऊन धडकले, पाय आपोआप उजवीकडे ओढले जात होते, इम्प्लांट, म्हणजे ऐकू यावं म्हणून कानात बसवलेलं यंत्र, उजव्याच कानात. ऐकू कधी येणार हे सगळे विचारत होते, तोलाबद्दल मात्र आधी कुणी धड बोललंच नव्हतं.

तर होतं काय, की ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आतल्या कानात एकमेकांना चिकटूनच असतात, आतलं पाणीही सामाईक. शंखात इलेक्ट्रोड, म्हणजे इम्प्लांटची बारीक तार, सरकवला की शेजारणीलाही धक्का बसू शकतो, मग एक कान मेंदूला एक सांगतो आणि दुसरा भलतंच, आणि घर गरगरतं. बऱ्याच जणांचं हे काही दिवसांत किंवा आठवड्यांत कमी होतं कारण मेंदू डोळे आणि तळपायांच्या भरवशावर नवा हिशोब बसवतो, पण त्यासाठी त्याला हालचाल लागते. पडून राहिलात तर लांबतं. चक्करच्या गोळ्यांचंही तेच, सुरुवातीला डॉक्टर देतील तेवढ्या घ्या, मनाने महिनाभर चालू ठेवू नका.

सुरुवातीचे दिवस वाकणं, जड उचलणं, नाक शिंकरणं बंद, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसा, मग उभं राहा. रात्री छोटा दिवा चालू ठेवाच, अंधारात डोळ्यांचा आधार जातो आणि तिथेच माणूस पडतो.

सगळ्यात डेंजर म्हणजे डोक्यावरून आंघोळ. डोकं ओलं करायची परवानगी मिळाल्यावर मी उत्साहात उभ्यानेच मगभर पाणी ओतलं, डोळे मिटले, पायाखाली साबणाची फरशी, आणि पुढच्या क्षणी मी बादलीला मिठी मारून बसलेली. तेव्हापासून स्टूल. दाराला कडी पण लावत नव्हते पहिले काही दिवस, लाज गेली खड्ड्यात.

डॉक्टर हो म्हणाले की व्यायाम. अंगठा डोळ्यांसमोर हातभर लांब धरायचा, नखावरून नजर न हलवता मान हळूहळू डावी-उजवी, नख धूसर दिसायला लागलं की वेग कमी करायचा. अर्ध्या मिनिटापासून सुरू करा, दिवसातून दोन-तीनदा. थोडं गरगरणारच, त्याशिवाय मेंदू शिकणार कसा, पण उलटीपर्यंत ताणू नका. मग खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून, समोर खुर्ची ठेवून, पाय जुळवून उभं राहायचं, आधी डोळे उघडे, जमलं की मिटून. तेही जमलं की पायाखाली दुमडलेली गोधडी. घरातलं कुणीतरी जवळ हवंच.

ताप आणि मान आखडणं, जोराची डोकेदुखी, नाकातून पाण्यासारखं गळणं, तोंड वाकडं होणं, यातलं काहीही झालं तर व्यायाम बिम सोडा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. आणि कुशीवर वळलं की काही सेकंदच गरगरत असेल तर ते वेगळं दुखणं असू शकतं, कानातले बारीक कण जागेवरून सुटलेले, त्यावर डॉक्टर ठराविक पद्धतीने डोकं फिरवून उपचार करतात. स्कूटर आणि पोहणं विचारल्याशिवाय नाही.

स्विच ऑन झाल्यावर, म्हणजे इम्प्लांट पहिल्यांदा चालू केल्यावर, दुसरा गोंधळ. आवाज येतो पण कुठून ते कळत नाही, कारण दिशा ओळखायला दोन्ही कानांतला फरक लागतो आणि मला ऐकू एकाच कानाने येतं. हॉर्न वाजला की मी गर्रकन वळायचे आणि तोल जायचा. आता आधी थांबते, पाय थोडे फाकवते, मग दोन्हीकडे बघते. घरच्यांना पण सांगून ठेवलंय, नुसतं "अगं" करून ओरडू नका, किचनमध्ये आहे का बाल्कनीत ते बोला.