मृग लागायच्या आत पिकअपचा फोर-बाय-फोर तपासून घ्या

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की वावरात नांगर-वखराची डागडुजी निघते. ज्यांच्याकडे खटक्यावर चालणारी फोर-बाय-फोर पिकअप आहे, त्यांनी त्याच आठवड्यात डॅशबोर्डवरचा तो खटका एकदा फिरवून बघावा. इसुझू व्ही-क्रॉस असो, टोयोटा हायलक्स असो की जुनी टाटा झेनॉन, रावेर-सावद्याकडे वर्षातले बरेच महिने खटका टू-एचवरच (फक्त मागच्या दोन चाकांना ताकद) पडून असतो. मग मृगाचा पाऊस काळ्या मातीत मुरतो, गाडी केळीच्या घडांसकट पांदीत रुतते, आणि नेमका तेव्हा फोर-एचचा (चारही चाकांना ताकद) दिवा नुसता लुकलुकत राहतो. गाऱ्यात उभं राहून फ्यूज शोधण्यापेक्षा कोरड्यात शोधलेला बरा.

लिव्हरच्या गाडीत दांडा अडकला की हाताला कळतं. खटक्याच्या गाडीत आपण फक्त अर्ज करतो, मंजुरी कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, देतं. ते आधी वेग बघतं, गाडी न्यूट्रलला आहे का, क्लच दाबलाय का ते बघतं. मग ट्रान्सफर केसवरची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवरची) छोटी मोटर फिरते, आतला सेन्सर ‘जागेवर पोचलो’ असं कळवतो. पुढच्या अ‍ॅक्सलची जोडणी दुसरी एक मोटर करते, काही गाड्यांत ते काम व्हॅक्यूमवर चालतं. एवढं सगळं जुळलं की दिवा स्थिर होतो. म्हणजे दिवा लुकलुकला याचा अर्थ गिअर मोडला असा लगेच धरू नका. बऱ्याचदा यंत्र धड असतं, कुठली तरी एक अट पुरी झालेली नसते. म्हणून तपासणीही फुकटातल्या गोष्टींपासून महागड्या गोष्टींकडे जाणारी हवी.

सगळ्यात आधी डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल काढा, बहुतेकांचं अजून प्लास्टिकच्या पिशवीतच असतं. टू-एचमधून फोर-एच चालत्या गाडीत लागतो, पण त्याला वेगाची मर्यादा असते आणि ती प्रत्येक मॉडेलची वेगळी. स्टिअरिंग सरळ हवं, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका हवा. फोर-एलला (चारही चाकांना ताकद, पण हळू आणि जास्त जोराची) मात्र गाडी उभी, गिअर न्यूट्रलला आणि क्लच पूर्ण दाबलेला लागतो. क्लचखालचा स्विच सरकला असेल तर पाय दाबलेला असूनही गाडीला तो दाबलेला वाटत नाही, आणि फोर-एल लागत नाही. हा स्विच फार थोड्या पैशांत मिळतो.

चाचणी घ्यायची ती कच्च्या रस्त्यावर, जिथे चाकं थोडी घसरतील अशा जागी. कोरड्या डांबरावर फोर-एच लावून वळणं घेतली की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापू पाहतात आणि मधल्या शाफ्टमध्ये पीळ बसतो. तोरणमाळचा घाट कोरडा असताना ‘जरा पकड राहील’ म्हणून फोर-एचमध्ये उतरवणारे लोक आहेत. खाली आल्यावर खटका टू-एचवर आणला तरी दिवा जात नाही, मग फोनाफोनी सुरू होते. अशा वेळी काही खोलायचं नसतं. सरळ रेषेत पाच-दहा फूट रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो आणि दिवा आपोआप जातो.

टायर चारही एकाच मापाचे आणि साधारण एकसारखे झिजलेले हवेत. मागे नवे दोन टाकून पुढे जुने गुळगुळीत ठेवले की चाकांचा घेर बदलतो आणि तोच पीळ सरळ रस्त्यावरही साठत जातो. हवासुद्धा तपासून घ्या.

आता बॅटरी. जळगाव-भुसावळकडचा मे महिना बॅटरीला माणसापेक्षा जास्त बाधतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सेल मारायच्या आधी मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ठीक, 12.4 च्या खाली आला तर बॅटरी पूर्ण चार्ज नाही. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवं. सेल लागतो म्हणजे बॅटरी चांगली, हा समज या बाबतीत फसवतो. व्होल्टेज कमी असलं की कंट्रोल युनिट आधी अशा जादा कामांना नाही म्हणतं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवा, घट्ट आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा.

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून भागत नाही, तार बारीक तुटलेली दिसत नाही. टेस्ट लॅम्पने दोन्ही टोकं तपासा. रिले (करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) शंकास्पद वाटला तर हॉर्नचा रिले काढून तिथे लावून पाहण्याची युक्ती चालते, मात्र दोन्हींवरचा नंबर आणि पिनांची आकृती तंतोतंत एक असेल तरच.

खरा शोध गाडीखाली असतो. सपाट, कठीण जागेवर चाकांना अडण लावून खाली शिरा. केवळ जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका, स्टँड लावा. ट्रान्सफर केसकडे जाणारी वायरिंग बोटांनी चाचपत जा. गोठ्याशेजारी किंवा गोडाऊनमध्ये गाडी उभी राहत असेल तर उंदराने कुरतडलेली वायर सापडण्याची शक्यता मोठी, आणि वरची टेप शाबूत असताना आतली तार गेलेली असते. कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) उघडून आत बघा. पिनांवर हिरवट थर असेल तर तो कॉन्टॅक्ट क्लीनरने काढा, खरवडू नका. हौद्यातून युरिया-पोटॅशच्या गोण्या वाहणाऱ्यांनी इथे जास्त वेळ द्यावा, कारण खताची भुकटी ओल धरते आणि धातू खाते. हौदा धुताना प्रेशर पंपाची धार थेट कपलरवर मारणं हेही एक कारण आहे. व्हॅक्यूमची गाडी असेल तर रबरी नळ्या वाकवून बघा, उन्हाने तडकलेली नळी वाकवल्यावरच तोंड उघडते.

अर्थिंग तपासायला मल्टिमीटरची काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल सुई फोर-बाय-फोरच्या सर्किटच्या अर्थिंगच्या वायरवर ठेवा, आणि दुसऱ्याला खटका फिरवायला सांगा. त्या क्षणी 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगचा नट सोडून, रंग घासून, पुन्हा आवळा.

गॅरेजात पहिलं वाक्य ऐकू येतं ते, “मोटर गेली भाऊ, बदलावी लागेल.” तेव्हा शांतपणे म्हणायचं, “दादा, आधी मोटरवर करंट येतो का ते दाखवा.” हा करंट खटका फिरवल्यावर काही सेकंदच येतो, म्हणून दोन माणसं लागतात. कपलर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने सुई घालायची, कारण तो काढला की सेन्सरचाही संपर्क तुटतो आणि कंट्रोल युनिट मोटरला करंटच देत नाही. करंट येतोय पण घरघर ऐकू येत नाही, तर मोटर अडकलीय किंवा गेलीय. महिनोन्‌महिने न फिरलेल्या मोटरीतलं ग्रीस घट्ट होतं, कधी साफसफाईवरही ती सुटते. करंटच येत नसेल तर दोष वायर, रिले, खटका किंवा कंट्रोल युनिटकडे आहे, आणि नवी मोटर बसवूनही दिवा तसाच लुकलुकेल. घरघर होते पण दिवा स्थिर होत नाही, तेव्हा सेन्सर किंवा पुढच्या अ‍ॅक्सलची जोडणी बघा. कान लावून ऐकणं हे या अख्ख्या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं साधन आहे.

दिवा खरं बोलतोय का हेही पाहता येतं. कच्च्या रस्त्यावर फोर-एच लावून थोडं चालवा, मग सपाट जागी थांबून इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडण लावा आणि पुढचं एक चाक जॅकवर उचला. हाताने फिरवल्यावर ते थोडं हलून अडलं पाहिजे. मोकळं फिरलं तर दिवा काही म्हणो, फोर-एच खरोखर लागलेला नाही. दुसऱ्या बाजूलाही तेच करा. टू-एचमध्ये मात्र चाक फिरायला हवं.

मोबाइलला जोडायचा स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतो. फोर-बाय-फोरच्या युनिटपर्यंत पोचणारा स्कॅनर आहे का, हे गॅरेजला फोनवरच विचारा. कोड यू अक्षराने सुरू झाला तर तो युनिटांच्या आपसातल्या संपर्काचा, म्हणजे वायरिंगकडे किंवा बॅटरीकडे परत फिरा. कोडचा फोटो काढून ठेवा, मगच बॅटरीची वायर सोडा.

ट्रान्सफर केस आणि पुढच्या डिफरन्शिअलचं ऑइल बघताना ते दुधी तर झालं नाही ना ते बघा. तापलेली गाडी नाल्याच्या पाण्यात घातली की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरची (हवा आत-बाहेर जाण्याची) नळी तुटलेली किंवा सील झिजलेलं असेल तर पाणी ओढलं जातं. दुधी ऑइल लगेच बदला. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर फोर-बाय-फोर आहे म्हणून गाडी घालायची नाही, हे मात्र वेगळं सांगतो.

एकदा सगळं जुळलं की महिन्यातून एखादवेळी वावराच्या रस्त्यावर थोडं अंतर फोर-एचमध्ये चालवा, म्हणजे मोटर फिरती राहते. गाडीत टेस्ट लॅम्प, योग्य अँपिअरचे दोन-तीन फ्यूज, टेप, दहा-बाराचा पाना, टो-पट्टा आणि फावडं ठेवा. टो-पट्ट्याचा हुक आपल्या गाडीला नेमका कुठे बसतो, तेही कोरड्यातच वाकून बघून घ्या.