इंग्रजी लिहिताना कॉमा श्वासावर टाकू नका

अप्पा बळवंत चौकातल्या एका डीटीपीच्या दुकानात बसून मी इंग्रजी मजकूर तपासते. परदेशी निघालेल्या मुलांचे एसओपी (प्रवेशासाठी स्वतःबद्दल लिहायचं निवेदन), टीवायचे प्रोजेक्ट, सोसायटीच्या नोटिसा, नोकरीचे अर्ज, काय वाट्टेल ते येतं. स्पेलिंगची चूक आता कॉम्प्युटरच दाखवतो. माझी लाल शाई संपते ती कॉमावर.

शाळेत आपल्याला सांगितलेलं असतं, थांबावंसं वाटलं की स्वल्पविराम द्या. इंग्रजीत तेवढ्यावर भागत नाही, तिथे वाक्याची बांधणी बघावी लागते. "द स्टुडंट्स ऑफ अवर कॉलेज, पार्टिसिपेटेड इन द रॅली." कॉलेजपाशी दम लागतो हे खरं, पण कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये एकटा कॉमा घालायचा नाही. कर्ता दोन ओळींचा झाला तरी नाही.

दुसरी खोड मराठीतून येते. "त्याने सांगितलं, की..." हे आपल्या हाताला इतकं बसलंय, की "ही सेड, दॅट..." असंच उतरतं. तो कॉमा काढा. जर-तरचंही तसंच. मराठीत "तर"च्या आधी हमखास स्वल्पविराम पडतो. इंग्रजीत "इफ"चा तुकडा आधी आला तर कॉमा: "इफ इट रेन्स, द सिंहगड ट्रेक विल बी कॅन्सल्ड." तोच तुकडा मागे गेला, की सहसा कॉमा नको: "द ट्रेक विल बी कॅन्सल्ड इफ इट रेन्स." (मराठीत ही चिन्हं इंग्रजीकडूनच आली बरं का. ती रुजवणारे मेजर थॉमस कँडी आमच्या दुकानापासून हाकेवरच्या विश्रामबागवाड्यातल्या पाठशाळेचे प्रमुख होते.)

आता जोडीचे कॉमा. इथे नीट थांबा, कारण इथे अर्थच बदलतो. "माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन कोथरूड, इज अ डॉक्टर." म्हणजे भाऊ एकच, कोथरूडची माहिती जादाची. दोन्ही कॉमा काढले तर भाऊ अनेक, त्यातला कोथरूडचा तो डॉक्टर. एसओपीत "माय फादर हू इज अ फार्मर" असं सर्रास येतं. अहो, वडील एकच ना? मग दोन्ही कॉमा हवेतच. ओळखायची युक्ती सोपी आहे. मधला तुकडा बोटाने झाकून वाक्य वाचा. कोणाबद्दल बोलताय ते तरीही कळत असेल, तर कॉमा द्या. आणि द्यायचे तर दोन्ही द्या. पहिला देऊन दुसरा विसरणारे रोज भेटतात.

दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने चिकटवू नका. "आय हॅव कम्प्लीटेड बी.कॉम., आय ॲम वर्किंग इन हडपसर." मध्ये "अँड" घाला, नाहीतर सरळ फुलस्टॉप द्या. "हाउएव्हर" आलं म्हणून सुटका होत नाही: "द रेंट इज हाय, हाउएव्हर, द रूम इज गुड." आधी सेमीकोलन, नंतर कॉमा.

यादीत शेवटच्या "अँड" किंवा "ऑर"च्या आधी कॉमा द्यायचा का, यावर लोक वाद घालत बसतात. अमेरिकेत बहुधा देतात, ब्रिटिश वर्तमानपत्रांत बहुधा नाही. माझं म्हणणं, द्यावा. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला होता. कोणत्या कामांना ओव्हरटाइम नाही, त्याच्या कायद्यातल्या यादीत शेवटी "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन" असं होतं, "शिपमेंट"नंतर कॉमा नव्हता. मग वाटप हे वेगळं काम, की वाटपासाठीचं पॅकिंग? ड्रायव्हर वाटप करायचे, पॅकिंग नाही. 2017 मध्ये अपील कोर्टाने मजकूर संदिग्ध ठरवून त्यांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

बाकीचं झटपट. कॉमाच्या आधी स्पेस नाही, नंतर एक. "इट इज" किंवा "इट हॅज" असं सुटं करून वाक्य लागलं तरच "इट्स"ला अपॉस्ट्रॉफी (अक्षराच्या वर येणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह). अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी लागत नाही, मग दुकानाच्या पाटीवर "फोटो'ज" कितीही ठळक रंगवलेलं असो. "युअर्स फेथफुली"मध्येही नाही. उद्गारचिन्ह अर्जात नकोच, तीन तर अजिबात नकोत.

आणि बाहेरच्या युनिव्हर्सिटीला आकडे पाठवताना लाखाची पद्धत सोडा. आपले 10,00,000 तिकडे 1,000,000 असे लिहितात. बँकेच्या दाखल्यावर आपल्या पद्धतीचा आकडा असेल तर त्याला हात लावायचा नाही, तुमच्या पत्रात मात्र तिकडच्या पद्धतीने लिहा आणि पुढे "रुपीज" अक्षरी टाका.