प्री-मेडने कॉलेजात काय काय करावं? थोडं अनुभवावरून

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलं बारावीला आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "डॉक्टर व्हायचंय ना? मग अभ्यास कर, बाकीची थेरं नंतर." आमच्याकडे हे आजीने सांगलीहून व्हिडिओ कॉलवर बजावलं आणि बाबांनी शेजारी बसून मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांपुढे 'नीट' होती. एक परीक्षा, 720 गुण, त्यावरून क्रमांक आणि क्रमांकावरून कॉलेज. तुम्ही नाटकात काम केलंत की रक्तदान शिबिर भरवलंत, हे तिथे कोणी विचारत नाही.

इथला मार्ग लांबचा आहे. थेट प्रवेशाचे मोजके अभ्यासक्रम सोडले तर आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. 'प्री-मेड' म्हणजे डॉक्टरकीची तयारी करणारा कॉलेजचा विद्यार्थी; त्या नावाची पदवी बहुतेक ठिकाणी नसतेच. पदवी इतिहासात घ्या नाहीतर संगीतात, पण जीवशास्त्र, रसायनशास्त्र, ऑरगॅनिक (सेंद्रिय रसायनशास्त्र), भौतिकशास्त्र आणि बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री हे विषय झालेले हवेत. मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, जिचे गुण 472 ते 528 या विचित्र पट्टीवर मिळतात. दर वर्षी पन्नास हजारांहून जास्त जण एमडीसाठी (इथे मेडिकल स्कूलची पहिलीच पदवी) अर्ज करतात आणि साधारण तेवीस हजारांना प्रवेश मिळतो. चांगले गुण असलेलेही भरपूर जण बाहेर राहतात. तिथे अर्जातला दुसरा भाग उपयोगी पडतो.

एएमकॅस या सामाईक अर्जात तुम्ही कॉलेजच्या काळात काय केलंत, हे लिहायला जास्तीत जास्त 15 नोंदींची जागा असते. प्रत्येकीला 700 अक्षरं, रिकाम्या जागा धरून. त्यातल्या तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडायच्या आणि त्यांवर आणखी 1,325 अक्षरं लिहायची. पंधरा हा आकडा ऐकला की आपल्या मुलांच्या अंगात येतं, कारण जागा दिसली की ती भरायची ही आपली शाळेपासूनची सवय. पंधराच्या पंधरा भरायलाच पाहिजेत असं मात्र कुठेही म्हटलेलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. तुम्ही एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर खूपशी मेडिकल स्कूल्स अर्जच घेत नाहीत, आणि घेतात त्यांतली काही फीची सोय आधी दाखवायला सांगतात. ही चौकशी पहिल्याच वर्षी करा. आम्ही मी आठवीत असताना आलो आणि कॉलेजपर्यंत ग्रीन कार्ड हातात होतं, म्हणून माझं भागलं.

मी न्यू जर्सीत रटगर्सला होते. तिथे विज्ञानाचे बरेचसे वर्ग बुश कॅम्पसवर, बाकीचे नदीपलीकडे, आणि मधे विद्यापीठाच्या बसेस. सप्टेंबरात क्लबांचा मेळावा भरतो. टेबलांच्या रांगा, फुकटची पेनं, आणि प्री-मेडचे म्हणून इतके क्लब की एकाचा अध्यक्ष दुसऱ्याचा खजिनदार असतो. यांतल्या बऱ्याच ठिकाणी महिन्यातून एक सभा, एक पिझ्झा आणि वर्षाअखेरीस प्रमाणपत्र. स्पष्टच सांगायचं तर पाट्या टाकायचं काम. नवीन असताना ओळखी व्हायला ते ठीक आहे. पण तुम्ही गेला नाहीत तर कोणाचं काहीच अडत नसेल, तर तिथे तुम्ही फारसे बदलत नाही. मी काम निवडताना हीच कसोटी लावत गेले: मंगळवारी मी आले नाही तर कोणाची पंचाईत होईल का?

पहिल्या सत्रात मी काहीच पक्कं केलं नाही, आणि तोच सल्ला तुम्हालाही देईन. एएमकॅस जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांची सरासरी वेगळी काढतं. पहिल्या सत्रातली 'सी' ग्रेड पुढे भरून काढायला नाकी नऊ येतात. आधी अभ्यासाची घडी बसू द्या.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी लर्निंग असिस्टंट झाले. ही पद्धत कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाली आणि आता अनेक ठिकाणी आहे. ज्याने तो विषय नुकताच पार केला आहे, त्याने पुढच्या तुकडीच्या गटात बसायचं आणि उत्तर न सांगता त्यांना उत्तरापर्यंत येऊ द्यायचं. यासाठी शिकवण्याच्या पद्धतींचा एक छोटा कोर्सही करावा लागतो. मला वाटलं होतं, ऑरगॅनिक मला येतं, तर शिकवणं सोपं जाईल. प्रत्यक्षात सगळ्यात अवघड गेलं ते गप्प बसणं.

एका मुलाचा गाडा ई-टू अभिक्रियेवर अडला होता, जिच्यात ब्रोमीन आणि त्याच्या बरोबर उलट दिशेचा हायड्रोजन एकदमच निघतात. त्याने सायक्लोहेक्झेनची खुर्ची, म्हणजे सहा कार्बनच्या कड्याची खुर्चीसारखी आकृती, झकास काढली होती, पण ब्रोमीन बाजूला, इक्वेटोरियल जागी. आणि तो त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेचा हायड्रोजन शोधत होता. तो सापडणार कसा? त्या जागी ब्रोमीन असेल तर त्याच्या उलट बाजूला कड्यातलाच कार्बन येतो. माझा हात पेनाकडे जात होता. मी तो मांडीखाली घेतला, अक्षरशः, आणि विचारलं, "ब्रोमीनच्या बरोबर समोर काय आहे?" तो बघत राहिला. म्हणाला, "कड्यातलाच बाँड." मग बराच वेळ काही नाही. शेजारच्या गटात हशा पिकला, बाहेर बस येऊन गेली. मग त्याने कागद उलटला, खुर्ची फिरवून काढली, ब्रोमीन उभा, ॲक्सियल झाला, आणि हायड्रोजन समोर आला. माझ्याकडे न बघताच त्याने पुढचं गणित सुरू केलं.

मी ज्या घरात वाढले तिथे मदत करायची म्हणजे पटकन करून टाकायचं. दोन वर्षं दर आठवड्याला तसं न करण्याचा सराव झाला. याचा डॉक्टरकीशी काय संबंध, हे तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. तो कळला हॉस्पिटलमध्ये.

हॉस्पिटलातलं स्वयंसेवकाचं काम मिळवायला टीबीची चाचणी, लसींचे दाखले, रुग्णाच्या गोपनीयतेचं प्रशिक्षण हे सगळं लागतं आणि त्यात दोनेक महिने सहज जातात. उन्हाळ्यात सुरू करायचं असेल तर फेब्रुवारीतच अर्ज टाका. काम साधंच असतं. चाकाची खुर्ची ढकलायची, ब्लँकेट द्यायचं, नातेवाइकांना वाट दाखवायची. काही मुलं यालाच कंटाळून सोडून देतात.

एका संध्याकाळी इमर्जन्सीत एक आजी होत्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. मुलगा गाडी लावायला गेला होता. नर्सने माझ्या बिल्ल्यावरचं नाव पाहिलं आणि म्हणाली, यांना विचार ना, कुठे दुखतंय. मला येत होतं. पण तिथल्या नियमाप्रमाणे स्वयंसेवकाने वैद्यकीय बोलण्याचं भाषांतर करायचं नाही, त्यासाठी प्रशिक्षित दुभाषी फोनवर घ्यायचा. मी तसं सांगितलं आणि नर्सने लगेच फोन लावला. मराठी दुभाषी मिळेपर्यंत मी आजींच्या उशाशी उभी राहिले.

"कुठली गं तू बाळ?"

"सांगलीची, आजी."

"अगंबाई! मिरजेला माझी नणंद." मग आवाज खाली आणून, "हे सगळं विम्यात बसेल का गं? मुलाला विचारलं तर तो चिडतो."

दुखण्यापेक्षा त्यांना त्याचीच धास्ती होती. पाहुण्यांच्या विम्यात आधीपासूनच्या आजारांबाबत किती अटी असतात हे मी घरी ऐकलेलं होतं, त्यामुळे "हो, हो, बसेल" असं म्हणणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "आजी, मला ते ठाऊक नाही. पण ज्यांना ठाऊक आहे त्यांना बोलावता येतं. बोलावू?" त्यांनी मान हलवली. मी नर्सला एवढंच सांगितलं की यांना खर्चाबद्दल विचारायचंय, आणि थोड्या वेळाने सोशल वर्कर आल्या. तोवर दुभाषाही फोनवर आला होता. चहाही मागितला होता आजींनी. डॉक्टरांनी तपासेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नव्हतं, म्हणून तोही मिळाला नाही.

मुलाखतींमध्ये मला याबद्दलच विचारलं गेलं. हल्ली बऱ्याच ठिकाणी एमएमआय असतो, म्हणजे ठरावीक मिनिटांनी एका खोलीतून दुसरीत, प्रत्येक ठिकाणी नवा पेच. एका खोलीत प्रश्न होता, "तुम्हाला मदत करता येत असूनही तुम्ही ती केली नाही, असा प्रसंग सांगा." मला आठवायला वेळ लागला नाही. ऑरगॅनिकचा मुलगा सांगावा की आजी, एवढंच ठरवायचं होतं.

मंडळाचं काम अर्जात लिहावं का, असं बरेच पालक विचारतात. जरूर लिहावं, पण खरोखर केलं असेल तर. गणपतीत एकदा आरतीला उभं राहणं म्हणजे नेतृत्व नव्हे. माझी एक मैत्रीण रविवारच्या मराठी शाळेत सहा-सात वर्षांच्या मुलांना सलग तीन वर्षं शिकवत होती. तिच्या तीन 'अर्थपूर्ण' नोंदींत ती शाळा होती आणि प्रयोगशाळेतलं काम नव्हतं. तिला प्रवेश मिळाला. तेवढ्यामुळेच मिळाला असं मी म्हणणार नाही, पण ते लपवायचं काही कारण नव्हतं.

आता थोडं रुक्ष. प्रत्येक कामाची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, तास, आणि तुमच्यावर देखरेख करणाऱ्या व्यक्तीचं नाव नि ईमेल. अर्जात हे सगळं भरावं लागतं, आणि तीन वर्षांनी तो माणूस नोकरी बदलून कुठे गेला हे शोधत बसणं म्हणजे छळ असतो. तासांसोबत त्या दिवशी काय घडलं हेही दोन ओळींत लिहा, मराठीत लिहिलं तरी चालेल. मी फोनमध्ये लिहायचे, बसमध्ये उभ्या उभ्या. शिफारसपत्र मागायचं असेल तर काम सोडण्याआधी, समोरासमोर बोलून मागा. आणि एखादं काम सोडायचं ठरलं तर महिनाभर आधी सांगा, तुमच्या जागी येणाऱ्याला दोन फेऱ्या सोबत घेऊन फिरा, मग सोडा.