बांधावरून विमान ओळखायचं कसं

आमचं रान सोलापूरजवळच्या होटगीच्या पुढं. रब्बीत वीज रात्रीची आली की मालदांडी ज्वारीला पाणी द्यायला जावंच लागतं. एक सारा भरला की दुसऱ्याचं दार मोडायचं, आणि मधल्या वेळात बांधावर बसून राहायचं. त्या वेळात मी विमानं ओळखायला शिकलो. दुर्बीण नाही माझ्याकडं, वही आहे. तुम्हालाही एवढ्यावर जमेल.

सुरुवात कानापासून करा. लांबच्या प्रवासाचं जेट दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातं. त्याचा आवाज खाली पोचायला अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्यात ते सात-आठ किलोमीटर पुढं गेलेलं असतं. म्हणून आवाज येतो तिथं बघितलं तर नुसतं आभाळ दिसतं. हात लांब करा, आवाजाच्या जागेपासून विमान चाललंय त्या बाजूला दीड-दोन विती मोजा आणि तिथं बघा. हे कळायला मला एक अख्खा हंगाम लागला.

रात्री दिवे बघा. विमानाच्या डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा आणि शेपटीला पांढरा दिवा असतो. लाल तुमच्या उजव्या हाताला आणि हिरवा डाव्या हाताला दिसला, तर विमान तुमच्याकडंच तोंड करून येतंय. लुकलुक न करता एका चालीनं सरकणारा ठिपका बहुतेक उपग्रह असतो, तो वहीत धरू नका.

दिवसा सगळ्यात आधी पंख कुठं बसवलाय ते बघायचं. सोलापूर विमानतळावरून गोव्याची सेवा ९ जून २०२५ ला सुरू झाली, तिला एटीआर विमान येतं. त्याचे पंख पाठीवर असतात, पंखांखाली दोन पंखेवाली इंजिनं, आणि शेपटीचा आडवा भाग पार वरच्या टोकाला, इंग्रजी टी अक्षरासारखा. मुंबईला ऑक्टोबर २०२५ पासून जाणारं एम्ब्रेअर जेट आहे. त्याचे पंख पोटाला लागून असतात आणि आवाज घरघरीचा नाही, फुत्काराचा.

फसवतं ते हवाई दलाचं एएन-३२. तेही पाठीवर पंख असलेलं आणि दोन पंख्यांचं, लांबून एटीआरच वाटतं. पण त्याची इंजिनं पंखाच्या वर चढवलेली असतात आणि शेपटीचा आडवा भाग खाली असतो. माझ्या वहीत पहिल्या वर्षी दोन ठिकाणी एटीआर लिहून खोडलेलं आहे.

लढाऊ विमानं इथं रोज दिसत नाहीत, पण आपण दोन तळांच्या मधे आहोत. पुण्याच्या लोहगावला सुखोई-३० आहेत. दोन इंजिनं आणि दोन उभ्या शेपट्या दिसल्या की सुखोईचा विचार करा. पूर्वेला बिदरला हॉक विमानांवर वैमानिक शिकतात. हॉक लहान, एका इंजिनाचं, एकाच उभ्या शेपटीचं. हवाई कसरती करणाऱ्या सूर्यकिरण पथकाची नऊ तांबडी-पांढरी हॉकही बिदरचीच.

उतरणारं विमान कुठल्या बाजूनं येणार हे वारा सांगतो, कारण विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि तसंच उडतं. पूर्वी मी वारा सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या कोजनच्या, म्हणजे वीजनिर्मितीच्या, चिमणीवरून ओळखायचो. गाळप चालू असलं की धूर बरोबर दाखवायचा. विमानांच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ ला ती पाडली. आमचा ऊस त्याच कारखान्याला जायचा; धुरळा बसल्यावर तिथलं आभाळ मोकळं दिसलं तेव्हा घशाशी आलं होतं. आज त्याच बाजूनं विमान खाली येतं तेव्हा आनंदही तितकाच खरा होतो. आता चिमूटभर माती हातातून सोडून वारा बघतो.

ओळख पटली की मगच मोबाईल काढा. फ्लाइटरडार२४ या विमानं दाखवणाऱ्या ॲपवर विमानाचा प्रकार, उंची आणि कुठून कुठं चाललंय ते कळतं, कारण विमान स्वतःच आपला ठावठिकाणा प्रसारित करत असतं. आधीच मोबाईल बघितला तर डोळा तयार होत नाही. लष्करी विमानं त्यावर बरेचदा दिसतच नाहीत, तिथं तुमचा डोळाच कामाला येतो. वहीत तारीख, वेळ, दिशा, पंख, इंजिनं, आवाज आणि वारा एवढं लिहा. खात्री नसेल तर नाव न लिहिता आकार काढून ठेवा.

लष्करी विमानाची नोंद वहीतच राहू द्या. ते आत्ता कुठून कुठं गेलं हे गावच्या ग्रुपवर टाकू नका. मे २०२५ मध्ये सरकारनंही सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका असं सांगितलं होतं. विमानतळाच्या आसपास फवारणीचा ड्रोन उडवायचा असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरच्या नकाशावर आपलं रान लाल, पिवळ्या की हिरव्या पट्ट्यात येतंय ते बघा. आणि गड्ड्याच्या जत्रेतून पोरं हिरवा लेसर घेऊन येतात, तो उतरत्या विमानावर कधीही मारू देऊ नका. वैमानिकाचे डोळे दिपतात, आणि त्या वेळी जमीन त्याच्या अगदी जवळ असते.